अक्काचा निम्मा हिस्सा

धुळे, ४ जुलै १९५७
शाळा अर्धी. वर्गातल्या मुलींना सुट्टी देऊन वकिलांकडे गेले. हे गेल्यापासून जे सगळे सांगत आले, की घरात राहा पण विकायचा-द्यायचा हक्क बायकांना नाही, ते आता खरं नाही. गेल्या वर्षीच्या कायद्यानं विधवा पूर्ण मालक. आम्ही दोघी सवती, निम्मं अक्काचं, निम्मं माझं. ह्यांनी स्वतः बांधलेलं घर, दुसरा वारस नाही.
वाटेत पेढे घेतले. अक्काला सांगितलं. पेढा हातात धरून म्हणाली, "म्हंजे मी कोनलेबी दी सकस?"
म्हटलं, हो. कुणालाही.
मग खाल्ला.

१९ जुलै
तिचा भाचा बन्सी आला शिंदखेड्याहून. आत्याला फुई, फुई करत पाय धरले. शेंगा आणल्या. मला नमस्कार लांबूनच. त्याच्या घरी मी अजून 'दुसरी'च. अक्काला मूल होईना म्हणून ह्यांनी मला आणली, आणि मलाही झालं नाही. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी ह्या विषयावर एक शब्द बोललो नाही. चूलही एकच, दोघींची.

२ ऑगस्ट
बन्सी पुन्हा. अक्काला देवीच्या दर्शनाला नेतो म्हणाला. शाळेतून आले तर ती ओट्यावर बसलेली. डाव्या अंगठ्याला शाई. राखेनं घासत होती.
"काय झालं?"
"काही नही."
दर्शनाला शाई लागत नाही. पण पुढे विचारलं नाही. डोकं दुखत होतं.

५ ऑगस्ट
शाईचं सांगितल्यावर वकिलांनी रजिस्टर कचेरीत चौकशी केली. बक्षीसपत्र. अक्कानं तिचा निम्मा हिस्सा बन्सीला दिला. नोंद झाली, साक्षीदार दोन. आज तिला देण्याचा हक्क आहे, म्हणून दान पक्कं.
घरी येऊन ओरडले तिच्यावर. शेजारच्या बायका दारात आल्या. ती शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "आपले दोन्हीसले पोर नही. मनं मढं कोन उचली? तू बाईमानूस. तो उचली. सांभाळसू म्हने."
मी दार लावून घेतलं.

११ ऑगस्ट
बन्सी तिला घेऊन गेला. गाठोडं एक, तिचे देव एका डब्यात. एस.टी. स्टँडवर गेले नाही मी. दारातूनच म्हटलं, सांभाळून जा. तिनं ऐकलं की नाही...
जेवायला बसले. दोन ताटं घेतली होती.

३ ऑक्टोबर
तिचं काही कळत नाही. पत्र कोण लिहिणार तिच्यासाठी. मी दोन टाकली, उत्तर नाही.
शाळेत तपासणी. साहेब म्हणाले, बाई, लक्ष कुठं आहे?

२२ नोव्हेंबर
दोन माणसं टेप घेऊन आली. मधली खोली मोजायला लागली. एक तंबाखूचा व्यापारी, बन्सीकडून अक्काचा हिस्सा घेतला म्हणतो. चप्पल घालून देवघरात गेला. मी म्हटलं, बाहेर व्हा. तो हसला. "बाई, निम्मं घर माझंच आहे."
वकील: राहत्या घरात परक्यानं हिस्सा घेतला तरी तुमच्याबरोबर राहायला येता येत नाही. त्याला वाटपाचा दावा लावावा लागेल, आणि तेव्हा तो हिस्सा तुम्ही कोर्टाच्या किमतीला मागू शकता.
पैसे कुठून आणू?

३० नोव्हेंबर
मधल्या खोलीला कुलूप. मी शाळेत होते तेव्हा व्यापाऱ्यानं लावलं. आत अक्काचं जातं, माझी गादी. वकील म्हणाले, तोडू नका, अर्ज देतो. स्वयंपाकघरात झोपते. थंडी फार.

१५ डिसेंबर
अक्का परत आली. एकटी. सोनगीरपर्यंत कुणाच्या बैलगाडीतून, तिथून एस.टी.नं. दारात उभी राहिली, आत येईना. पायाला फडकं बांधलेलं.
"घर तर मी दी टाकं. मी येऊ का?"
हात धरून आत घेतली. हात किती हलका झालाय. बन्सीच्या बायकोनं तिला गोठ्याशेजारी ठेवलं होतं. तिचा हिस्सा बन्सीनं विकला हे तिला आजच कळलं, माझ्याकडून. रडली नाही. कुलपाकडे बघत बसली.

२ जानेवारी १९५८
वकिलांकडे दोघी. बक्षीसपत्र रद्द करायचा दावा अक्काच्या नावानं. सांभाळीन हे वचन तोंडी, कागदात एक शब्द नाही. बन्सी नाकबूल करेल. मग राहतो एकच मुद्दा. निरक्षर म्हातारी, तिला वाचून दाखवलं नाही, देवळाचं सांगून नेलं, कशावर अंगठा हे ठाऊक नव्हतं. असं असेल तर समजून दिलं हे सिद्ध करणं समोरच्यांवर येतं.
वकिलांनी अक्काकडे पाहिलं. "असंच झालं ना, आजी?"
मीच म्हटलं, हो. तिनं अंगठा दिला.

३ जानेवारी
आज दाव्याची नक्कल तिला वाचून दाखवली. काल कुणी दाखवली नव्हती. 'मजकूर मला समजला नव्हता' इथं तिनं हात वर केला.
"हाई खोटं शे, धाकली. वाची दखाडं व्हतं त्यासनी. बठ्ठं समजनं व्हतं माले. तुना हिस्सा बाजूले ठेवा, अशे मीच सांगं."
सगळं समजलं होतं तिला. मी कागद मिटला.

९ फेब्रुवारी
अर्जावर हुकूम, कुलूप निघालं तेवढं. खोलीत उंदरांनी गादी कुरतडलेली. अक्कानं जातं पुसलं. बन्सीनं जबाब दिलाय: फुईनं राजीखुशीनं दिलं. एवढं एक वाक्य त्याचं खरं आहे.

१७ मार्च
वकिलांना सांगितलं, ती म्हणते समजलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे मला सांगू नका. ती कोर्टात जे बोलेल तेच खरं." हरलो तर व्यापाऱ्याचा वाटपाचा दावा तयारच आहे. एवढ्याशा घराचं वाटप म्हणजे लिलाव. मग दोघी कुठं जाणार? मला शाळेजवळ एखादी खोली मिळेल. तिला कोण ठेवून घेईल, माझ्याशिवाय?
वर्गात चौथीच्या एका मुलीला खोटं बोलली म्हणून उभं केलं होतं. बसवलं.

२५ एप्रिल
उद्या अक्काची साक्ष.
संध्याकाळी तिला न्हाऊ घातलं, पांढरं लुगडं काढून ठेवलं. केस विंचरताना म्हणाली, "देवनी शपथ घेवाडतस ना तठे?"
"हो."
"मंग तूच सांग. तू मास्तरीन शे. काय बोलू मी?"
म्हटलं, आधी जेवून घे. भाकरी वाढली, वर तेल घातलं. ताटाला हात लावत नाही. माझ्याकडे बघत बसली आहे.