आसारामचा जबडा

परभणी,
३ ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप लिंबाजीमामांना आणि मामीला दैवशालाचा नमस्कार.

येलदरीला तुम्ही सगळे बरे असाल. यंदा धरण काठोकाठ भरल्याचं इथं कुणीतरी सांगत होतं. आई बरी आहे. म्हणजे मी निघाले तेव्हा बरी होती.

तुमच्या भाच्याला, आसारामला, इथल्या दवाखान्यात ठेवलंय. नागपंचमीच्या आधी तो बैलगाडीवरून पडला आणि जबडा मोडला, असं अण्णांनी तुम्हाला कळवलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधले होते. पातळच पाजा, दर आठ दिवसांनी दाखवायला आणा, असं बजावलं होतं.

आम्ही एकदाही आणलं नाही. मी रबरी नळीनं ताक, वरणाचं पाणी पाजत राहिले. परभणीला जायचं काढलं की अण्णा म्हणायचे, "तोंड बांधलंय ते बरंय. राहू द्या तसंच."

मग हनुवटी सुजली. पू वाहायला लागला, ताप उतरेना. त्याच्याजवळ बसवेना असा वास. शेवटी आईनं चूल पेटवली नाही. उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "लेकराला दवाखान्यात न्या, न्हाई तर मलाबी त्या म्हातारीसारखं जाळा."

अण्णांनी पिशवी भरली. आम्ही एसटीनं आलो.

डॉक्टरांनी तार काढली, पू काढला. "कशानं लागलं हे?" असं विचारलं. "गाडीवरून पडला," अण्णा म्हणाले. आसारामनं नाही म्हणून मान हलवली. काहीतरी बोलला, पण तोंडातून लाळ आणि रक्तच आलं. डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुला कळलं का, काय म्हणतोय?"

मामा, मी सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात भडका उडाला, त्या दिवशी आपल्या आळीतली माणसं बौद्धवाड्यावर चालून गेली. आसाराम त्याच्या वर्गातल्या सितारामच्या दारात आडवा उभा राहिला. आत सितारामची आजी होती, धुरपताबाई. तिला चालता येत नव्हतं. आसाराम हटेना, तेव्हा अण्णांनीच त्याच्या तोंडावर काठी घातली. तो पडला आणि घर पेटलं. म्हातारी आतच राहिली.

अण्णांनी धोतर झटकलं, पिशवी उचलली. दारातून एवढंच म्हणाले, "दोघंबी हितंच ऱ्हावा. घराकडं यायचं न्हाई."

जबड्याचं सडलेलं हाड काढावं लागलं. सिस्टर रोज जखमेतली पट्टी ओढून काढतात आणि नवी भरतात. तेव्हा तो माझं मनगट धरतो. तोंड डावीकडं वाकडं राहील, वर्षभर तरी दाखवायला यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर हाड वाचलं असतं, हेही म्हणाले. ते मी आसारामला सांगितलं नाही. त्यानं ऐकलं असेल.

डॉक्टरांनी कळवलं म्हणून काल पोलीस जमादार जबाब घ्यायला आले होते. त्यांनी विचारलं, "काडी कुणी लावली?" आसारामनं उत्तर दिलं. जमादारांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या त्याच्या. जमादारांनी वही मिटली. "नीट बोलाया लागला की बघू. शनवारी येतो," म्हणाले आणि गेले.

मला कळलं होतं. दोन्ही वेळा तो 'अण्णा' म्हणाला.

ते गेल्यावर आसाराम भिंतीकडं तोंड करून निजला. संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. मी पायाशी बसून राहिले. अण्णांनी लहानपणी आम्हा दोघांना खांद्यावर बसवून गंगाखेडला गोदावरी दाखवली होती, तेच सारखं डोळ्यांपुढं येत होतं. पण धुरपताबाईची हाक मी आमच्या अंगणातून ऐकलीय, मामा.

शनिवारी जमादार आले की मी त्यांना आसारामचं बोलणं सांगणार आहे. तुम्ही समजूत घालायला येऊ नका. शनिवारच्या आत आईला घरातून तुमच्याकडं घेऊन जा. कशासाठी ते तिला वाटेत सांगा, घरात सांगू नका.

उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर धाडा. आम्हाला आता दुसरा पत्ता नाही.

तुमच्या बहिणीची लेक,
दैवशाला