दहा हजार सात जणांचा गोल

गुरुजी, आज मी क्लासच्या मालकाशी भांडून आले. लातुरात आता गल्लोगल्ली क्लास झालेत, त्यातल्या एकात मी गणित शिकवत होते. चाचणीत मागं पडलेली अठ्ठावीस पोरं त्यानं माझ्या वर्गातून काढली. म्हणाला, "मॅडम, वरच्या पोरांकडं बघा. ह्यांच्यानं काही व्हायचं न्हाई." मी म्हटलं, "ते मी ठरवीन." तर म्हणतो, "मग उद्यापासून येऊ नका." नाही तर नाही! पोरांना घेऊन सरळ आमच्या गच्चीवर गेले आणि तुमचा खेळ काढला.

आठवतो? गावच्या शाळेपुढं तुम्ही आम्हाला गोल उभं करता आहात, हातात चिंध्यांचा चेंडू. दर तिसऱ्याकडं टाकायचा. गोलातली माणसं मूळ संख्येइतकी असली, की चेंडू एकूणएक हातांतून फिरूनच पहिल्याकडं परत येतो. तिसऱ्याऐवजी पाचव्याकडं टाका, तरी तेच. "मूळ संख्येला मधला कुणी भाजकच न्हाई, मग फेरी मधीच कशी संपंल?" तुम्ही म्हणता. "दहा हजार सात माणसं उभी करा गावाभोवती, अन् टाका दर शंभराव्याकडं. एक जरी सुटला तर नाव बदलतो माझं!" माझा विश्वास बसेना. शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मी दहा हजार सातला भागून बघितलं. एकीनंही भाग जाईना.

मग भूकंप झाला. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली आणि तुम्ही पुन्हा गोल करायला लावलात. माझी मैत्रीण, तुमची धाकटी लेक, ढिगाऱ्याखाली गेली होती. तिची जागा मी माझ्या शेजारी मोकळी ठेवली. तुम्ही ओरडलात, "सरक! मोकळी जागा चेंडू झेलत न्हाई." बाप असून! लई राग आला मला. सरकले, पण पुढं तुमच्याशी धड बोलले नाही, आणि मग तुम्हीही गेलात. तुमचं तेव्हा चुकलंच, हे मी आजवर सगळ्यांना ठणकावून सांगत आले.

आज गच्चीवर पोरं अठ्ठावीस, मी धरून एकोणतीस. मूळ संख्या. पण मी शेजारी तुमच्यासाठी जागा ठेवली. तुमची पाळी आली की तुमच्या वतीनं मीच झेलणार होते. झाले तीस! तिसाला तिनानं भाग जातो, हे गणिताच्या बाईला सुचू नये? चेंडू त्याच त्याच दहा जागी फिरत राहिला. एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडं चेंडू येतच न्हाई." क्लासातून काढलेली पोर ती. इथंही तिची पाळी येऊ नये?

मी सरकले. चेंडू तिच्या हातात गेला, सगळ्यांच्या गेला.

समोर असतात तर भांडलेच असते तुमच्याशी, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहू दे. तुमची जागा मी आज बुजवली, गुरुजी. पाऊल उचलत नव्हतं हो. तुम्ही त्या दिवशी "सरक" कसं म्हणालात?