गाडी आमच्या दारात थांबत नाही

आये, आपल्या पडवीत आता टेबलं मांडली आहेत. तिथे मी खाणावळ चालवते. कुणकेश्वराला आलेली कोल्हापूरकडची माणसं बांगड्याचं सार भुरकायची आणि आत डोकावून म्हणायची, ‘काकू, काय चव आहे हाताला!’ तेव्हा मला तू दिसायचीस, चुलीपुढे बसलेली, आणि कुंपणापलीकडे उभी असलेली मोठ्या घरातली सून. आपल्याकडून तिरफळांचा वास सुटला की ती यायची, पण कुंपणाच्या आत तिने कधी पाऊल टाकलं नाही. ‘तिरफळां कधी घालतंस गो?’ तिथूनच विचारायची. तू सगळं सांगायचीस. दुसऱ्या दिवशी ती परत येऊन कुरकुरायची, ‘तुज्यासारखा होणा नाय माजा,’ आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस. एकदा मी म्हटलं, ‘मगे तिणा हयच जेवूक येवचा मा!’ तुझं हसू गेलं. ‘गप रव,’ म्हणालीस. बऱ्याच वेळाने माझी वेणी घालताना म्हणालीस, ‘तू शिक. शिकलंस काय जात कोण इचारूचो नाय.’

मी शिकले. मुलीला वकील केलं. गावातलाच एक गाडीवाला दर शनिवारी पर्यटक आणायचा, स्वतः कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा भात मागायचा. शिमग्यानंतर त्याची गाडी आपल्या दारावरून पुढे जाऊन दुसऱ्या खाणावळीशी थांबू लागली. मग बाकीच्या गाडीवाल्यांच्याही. मी त्याला वाटेत गाठलं. तो चपलेकडे बघत म्हणाला, ‘माजा काय नाय गो बाय. पण गावातले सांगतत, थय लोकांका नेव नको. माजो धंदो आसा.’

मुलगी मला पोलीस ठाण्यात घेऊन गेली. तिथला साहेब वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, विचारलं, ‘जातीवरून कोणी शिवी दिली? धमकी?’ मी आठवून पाहिलं. मला तोंडावर कोणी काहीच बोललं नव्हतं. ‘मग मी काय लिहून घेऊ, बाई?’ मुलगी त्याला कलमं सांगत राहिली. घरी येताना ती रडली. तिला काय सांगणार होते मी? शिक म्हणावं, तर ती शिकलेलीच आहे.

काल दुपारी तो गाडीवाला एकटाच मागच्या दाराशी आला. ‘सार आसा काय गो? बांधून दी.’ पडवीतली टेबलं रिकामी होती. दार लावून घ्यायला हवं होतं, आये. मी डबा भरला. त्याने तिथेच झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, ‘असा खय गावणा नाय.’

मुलीला हे सांगितलेलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला लिहिते. असं कुठे मिळत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं.