चांदूर बाजारची रिकामी जागा

३ फेब्रुवारी, अकोला
एका आजींना शुगरचं पथ्य समजावता समजावता घसा कोरडा झाला. आजींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बरं पोरी, आता डॉक्टराले बलाव.’ गळ्यात स्टेथोस्कोप होता माझ्या! मग मोठे डॉक्टर आले, ‘गोड बंद’ एवढंच बोलले. आजी त्यांच्या पाया पडल्या. माझंही नाव आहे हॉस्पिटलच्या पाटीवर — पार्किंगच्या सूचनेखाली.

९ फेब्रुवारी
माहेनूरचा फोन. कॉलेजपासूनची मैत्रीण, आता चांदूर बाजारच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. म्हणे, ‘आचल, इथं मीच मोठी डॉक्टर! बाया सासूची गाऱ्हाणीबी मलेच सांगतात. संत्री तं इतकी येऊन राहिली, ठेवू कुठी?’
मी जळून खाक. पण मान खाली कशी घालणार? मीही एसी, वेळेवर सुट्टी, आयता चहा असं सगळं रंगवून सांगितलं. एसी दिवाळीपासून बंद आहे. सुट्टीचं तर नावच नको.

११ फेब्रुवारी
चांदूर बाजारला कंत्राटी डॉक्टरची जागा निघालीय!! म्हणजे मी आणि माहेनूर एकाच दवाखान्यात! अर्ज केला. तिला अजिबात सांगायचं नाही. थेट जाऊन उभी राहीन.

१९ फेब्रुवारी
काल अमरावतीला मुलाखत, आज निवड! आईचं तोंड फुगलंय. ‘लोकं शहरात याले मरून राहिले अन् तू उलटी चालली! लग्न कोणासंग करशीन, संत्र्याच्या झाडासंग?’
आईला कसं सांगू? कुणीतरी एकदा ‘या आमच्या डॉक्टर’ म्हणावं, एवढंच हवंय मला. हट्ट आहे. असू दे.

२८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘जा खुशाल, तुमच्या जागेवर दुसरं कुणी मिळालंय.’ इतक्या लवकर! नुसतं तोंडदेखलं तरी थांबवायचं! रिक्षात रडू आलं, रागानं.

३ मार्च, चांदूर बाजार
पेढे घेऊन सकाळीच हजर. माहेनूरची खोली रिकामी. नर्स गोदाबाई म्हणाल्या, ‘त्या मॅडम तं सोडून गेल्या! त्याइच्याच जागेवर तं तुमाले घेतलं ना!’
मी पेढे टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. तेवढ्यात तिचाच फोन. ‘ओळख, कुठून बोलून राहिली? तुह्याच हॉस्पिटलातून! आजच लागली मी. तुह्यावर किती दिवस जळत बसू? त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा देल्ला! तू कुठी हायेस?’
म्हटलं, ‘तुझ्या खुर्चीत.’