लेकीच्या बाळंतपणात दुभाषी

४ मे
झालं, आता आईची गरज संपली! लेकीनं बाळंतपणासाठी दवाखान्यातून खुणांच्या भाषेची दुभाषी मागवली. बाळंतपणाच्या खोलीत ती दुभाषी आणि जावई असणार. मी बाहेर.
लेक जन्मापासून कर्णबधिर, जावईही तसाच. दाढदुखीपासून बँकेपर्यंत तिचं बोलणं आजवर मीच लोकांना सांगत आले. मग आत्ताच मी का नको? तिनं खुणेनं सांगितलं – तू अर्धंच सांगतेस. उरलेलं रडतेस.
खोटं नाही. पण झोंबलं.

७ मे
तपासणीला दुभाषीबाई आली. डॉक्टरांच्या शेजारीच बसली, म्हणजे लेकीला दोघी एकदम दिसतात. मला हे कधी सुचलं नव्हतं.
मधेच बाई म्हणाली, “मला फार भीती वाटते.” मी म्हटलं, तुम्हाला कसली भीती? डॉक्टर हसल्या. बाई ‘मी’ म्हणते ते लेकीचं बोलणं असतं!
मग मी सवयीनं नर्सला हळूच म्हटलं, “हिला मूल झेपायचं नाही हो.” बघते तर बाईचे हात चालूच! लेकीला सगळं कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.
लेक माझ्याकडे वळली. बाईच्या तोंडून आलं, “आई, मलाही तेच वाटतं. म्हणून तर झोप लागत नाही.”
इतक्या वर्षांत असं कधी बोलली नव्हती माझ्याशी. मी कायम मधे. माझ्याशी बोलणार कधी?

८ मे
बाईवर चिडायचं ठरवलं होतं. चहाच पाजला. हे शिकलात कुठे, विचारलं. कोर्स केला, परीक्षा दिली. “पण खरी शिकले कर्णबधिरांच्या मंडळात, वर्षानुवर्षं गप्पा मारून. माझ्या चुकांना पोट धरून हसायचे.” नियम एकच – खोलीत बोललेलं सगळं सांगायचं, बाहेर चकार शब्द नाही.
अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली एक आमच्या वाट्याला आली. देव तिचं भलं करो.

११ मे
पहाटेपासून कळा. नर्स उजव्या हाताला सलाईन लावायला गेली. लेकीनं हात मागे घेतला. बाई म्हणाली, “डाव्याला लावा. उजव्यानं मी बोलते.” नर्सनं मुकाट्यानं बाजू बदलली. माझ्या तरी हे लक्षात आलं असतं का?
दार लागलं. मी बाकावर.

१२ मे
नात झाली. दोघी सुखरूप.
काल ते दार पुन्हा उघडलं होतं. बाई डोकावली, म्हणाली, “आई, आत ये. सांगायचं काही नाही कुणाला. नुसती माझ्यापाशी बस.”