मुठीचा डबा

झरी, ता. तलासरी
१९ ऑक्टोबर

म्हातारीला येऊ नको म्हणायला तोंड होतं, मग म्हातारीच्या चिठ्ठीला चार ओळी लिहायला हात का होत नाही? मंगळवारी तुक्याची जीप रिकामी आली. शनिवारी पुन्हा रिकामी. त्याला विचारलं तर म्हणे जयश्रीताई कामावर गेल्या होत्या. तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरला दाराखाली फट ठेवली नाही का कुणी, चिठ्ठी सारून ठेवायला?

आता सलाम घे. चि. सौ. जयश्रीस चिमीचा प्रभू येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद. नविनला आशीर्वाद. रूपीला काय द्यायचं ते पिशवीत आहे.

फोन नको म्हणालीस, ते मला पटलं. पोर फोनात माझं तोंड बघते आणि मग फोनच्या मागे जाऊन मला शोधते, सापडले नाही की जेवत नाही, असं कुणी सांगितल्यावर मी कशाला फोन करीन? भेटायलाही नाताळपर्यंत येऊ नका म्हणालीस, पोर रुळू दे म्हणालीस. शब्द दिला तर दिला. पण दोन वर्षं तू दवाखान्यात रात्रपाळ्या केल्यास तेव्हा ती माझ्या अंगावर रुळली होती, आणि सप्टेंबरात तुला दिवसाची पाळी मिळाली तशी नेलीस. नेलीस ते बरोबरच. आईजवळच राहावं पोराने. मी काही म्हणत नाही.

नविन सांगत होता, तू तिला घरी शिकवतेस म्हणून. पिशवीत चिंचोके आहेत, धुऊन वाळवलेले. इकडून तिकडे करायला बरे. तिचं छोटं सूपही पाठवलंय. इथे त्याला आता कोंबडीसुद्धा विचारत नाही.

भात कापून झाला. गुडघा आहे तिथेच आहे.

चिमी

*

रेल्वे क्वार्टर, डहाणू रोड
२७ ऑक्टोबर

ती. आईंना जयश्रीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागवा. पण आधी हे वाचा: तुमचा एक चिंचोका रूपीने नाकात घातला. मी कामावर होते. शेजारच्या नयनाबेन दिवसभर तिला सांभाळतात, त्या घाबरून तिला घेऊन थेट माझ्या वॉर्डात धावत आल्या, पायात वेगवेगळ्या चपला. डॉक्टर चिमटा शोधत होते तेवढ्यात बाईसाहेब शिंकल्या आणि चिंचोका डॉक्टरांच्या टेबलावर. वर टाळ्या वाजवल्या. बाकीचे चिंचोके मी माळ्यावर टाकलेत. सूप मात्र ती उशाशी घेऊन झोपते.

आई, मला जरा काळजी आहे. बालवाडीच्या बाई रूपीला बघून म्हणाल्या की मुलगी वयाच्या मानाने कमी बोलते, रंग सांगत नाही, जूनमध्ये बसवायची तर घरी थोडं करून घ्या. म्हणून रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर बसते. लाल बटणं लाल वाटीत, हिरवी हिरव्या वाटीत. राजमा चमच्याने या भांड्यातून त्या भांड्यात. जुन्या कॅलेंडरातून नोहाच्या तारवातले प्राणी कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेत, जोडीजोडीने आत पाठवायचे. सुरू छान करते. आणि मग मोडते. बटणं असोत, राजमा असो, मूठभर उचलते आणि दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकते. झाकण लावते. त्यानंतर त्याला हात लावत नाही, आम्हालाही लावू देत नाही. कुठलाच खेळ पुरा होत नाही. नोहाचा हत्ती एकटा राहिलाय, हत्तीण डब्यात. नविन म्हणतो, हत्तीला पूर आलेला परवडला.

नयनाबेन म्हणतात मुलीला साठवायची सवय आहे, मोठेपणी दुकान काढेल. मला हसू येत नाही. बाईंना मी काय सांगू, की हिला दोन वाट्यांचा खेळ सांगितला तर ही तिसरा डबा आणते?

तुम्ही यायचं नाही म्हटल्याचा राग मनात ठेवू नका. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर ती दारात चटईवर झोपली होती, ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आहे ती माया कमी करू नका.

तुमची,
जयश्री

*

झरी
२ नोव्हेंबर

चि. सौ. जयश्रीस आशीर्वाद.

चिंचोका नाकात गेला, बाहेर आला, विषय संपला. माझ्याकडे कधी गेला नव्हता, कारण मी समोर बसलेली असायचे. पण तू कामाला जातेस हे मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी नाकात जाणार नाही असं काहीतरी पाठवीन. भोपळा पाठवीन.

डब्याचं म्हणशील तर त्यात शिकण्याबिकण्याचं काही नाही, ती शुद्ध चोरी आहे. बापावर गेली. नविन असाच गूळ लपवायचा, भाताच्या कणगीत, आणि मुंग्या त्याचा माग दाखवायच्या. त्याला विचार, मी काय केलं होतं. तू बोलायची नाहीस, सुशिक्षित आहेस, म्हणून मी सांगते. डबा काढून घ्या आणि कपाटावर ठेवा. रडेल. रडू दे. रडून पोर मरत नाही. दोन दिवसांत विसरेल. पोरं विसरतात, तेच त्यांचं बरं असतं.

बोलत नाही म्हणतेस, ते मला नवल वाटतं. इथे तर तिचं तोंड मिटायचं नाही. कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची. कळायचं नाही काय म्हणते ते, पण बोलायची. आता घरात आवाज म्हणजे माझ्याच भांड्यांचा. परवा मी अशीच कोंबड्यांना विचारलं की आज भाजी काय करू. म्हातारपण आलं म्हणायचं.

मी वालाच्या तीन शेंगा सोलते आणि चौथी तिच्यासाठी खाली ठेवते. सवय आहे, जाईल.

दारातल्या चटईचं कळलं.

चिमी

*

डहाणू रोड
१० नोव्हेंबर

ती. आईंना सलाम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. चुकलं असं वाटतंय, पण कुणाचं ते कळत नाही.

शनिवारी नविनने डबा कपाटावर ठेवला. त्या दिवशी ती रडली नाही, नुसती कपाटाकडे बघत राहिली. रविवारी मिस्सेला निघायचं म्हणून मी तिला फ्रॉक घातला, बूट घातले, नविनने गाडी बाहेर काढली. आणि बाईसाहेब दारातून हलेनात. कपाटाकडे हात करून डबा मागायला लागल्या. चर्चला खेळणी न्यायची नाहीत, असं मी तिला समजावलं. नविनने उचललं तर तिने बूट काढून फेकला. शेवटी तिला तसंच घेऊन गेलो. सगळी मिस्सा ती माझ्या खांद्यावर तोंड लपवून होती आणि अर्पणाची टोपली जवळ आली तेव्हा असा टाहो फोडला की फादरांनी गाणं म्हणणाऱ्यांना थांबायची खूण केली. मी तिला घेऊन बाहेर कडुनिंबाखाली उभी राहिले.

तेव्हापासून ती खेळायला बसत नाही. वाट्या मांडल्या की उठून जाते. स्वयंपाकघरात फ्रिजसमोर जमिनीवर बसते, फ्रिजकडे तोंड करून. गारव्याला बसते म्हणावं तर फ्रिजचं दार बंद असतं. मी भात लावायला घेतला की मात्र येते, तांदळाच्या भांड्यात हात घालते, मूठ भरते आणि इकडेतिकडे बघते. कुठे टाकायचं ते तिला सुचत नाही बहुधा. मग मूठ तशीच धरून उभी राहते. मी उघडून घेते.

मला वाटतं मी तिला फार लवकर आणलं. खरं सांगा. तुमचा शब्द कडू असला तरी चालेल.

तुमची,
जयश्री

*

झरी
१२ नोव्हेंबर

आधी डबा खाली काढ. चिठ्ठी नंतर वाच.

काढलास? आता बस. माझा आशीर्वाद घे.

तुझं पत्र तुक्याने दुपारी दिलं. वाचलं आणि मला काही समजलं नाही. मिशनच्या शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, तेवढ्यात जे समजतं तेवढंच समजतं. पत्र उशीखाली ठेवलं आणि भात लावायला उठले. तांदूळ घेतले, मूठ भरली, येशूच्या तसबिरीखाली आपला पत्र्याचा डबा असतो त्यात टाकायला हात नेला. आणि हात तिथेच राहिला.

तुला माहीत आहे आमच्या वाडीची रीत. तू रविवारी यायचीस तेव्हा बायका अर्पणाच्या टोपलीत तांदूळ ओततात ते बघितलंस. पण तो डबा आठवडाभर कसा भरतो ते तू बघितलं नाहीस, तू रात्रपाळीला असायचीस. रोज भात लावायच्या आधी एक मूठ त्याची, मग आपली. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्याकडे ते तांदूळ जातात. रूपी पाटावर बसलेली असायची. माझी मूठ पडली की तिची मूठ. निम्मे दाणे जमिनीवर. ते वेचायचे आणि पुन्हा टाकायचे. झाकण लावलं की त्याला हात लावायचा नाही, असं मी एकदा तिच्या बोटांवर चापट मारून सांगितलं होतं. रविवारी डबा तिच्या मांडीवर.

मी तिला हे शिकवायला बसले नव्हते. मी भात शिजवत होते.

तुमच्या घरात तसबीर बाहेरच्या खोलीत आहे, आणि इथे जिथे तसबीर आहे त्या भिंतीला तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिज उभा आहे. ती त्याच्यासमोर बसते ते बरोबर जागेवर बसते. आणि मी तिला चोर म्हटलं. पोरं विसरतात असंही मीच लिहिलं. ती चिठ्ठी चुलीत घाल.

तू तिला लवकर आणलं नाहीस. आईजवळ आणलंस. वाट्यांचे खेळ बंद करू नकोस, रंग कळायला हवेत, मला स्वतःला हिरवा निळा कळायला लग्न व्हावं लागलं. फक्त तिसरा डबा मांडून ठेव. आधी मूठ, मग लाल हिरवं. बालवाडीच्या बाईंना सांगायचं तर सांग, नाही तर राहू दे. फ्रिजवर एखादं चित्र चिकटव तसबिरीचं, तिच्या उंचीवर. रविवारी तो डबा तिला नेऊ दे. बटणं, राजमा, जे असेल ते. हत्तीण घरी ठेवून घ्या, नोहाला उत्तर द्यावं लागेल. फादर हसले तर हसू देत.

नाताळपर्यंत मी येत नाही. शब्द आहे तो आहे. इथे डब्यात आता एकच मूठ पडते आणि जमिनीवर एकही दाणा सांडत नाही. वेचायला काही नसलं की वाकावं लागत नाही, गुडघ्याला बरं आहे.

लोभ ठेवायला मी सांगत नाही, तो तुझ्याकडे आहे हे दारातली चटई तू इतके दिवस माझ्यापासून लपवलीस त्यावरून कळलं.

या चिठ्ठीचं उत्तर तू लिहायचं नाहीस. नविनने तर नाहीच, त्याचं अक्षर त्यालाही लागत नाही. रूपीने लिहायचं. तिची मूठ उघड, हात कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद तुक्याकडे दे. नाताळपर्यंत तिची मूठ मला रोज टाकायची आहे आणि माझ्या हाताने ती मोठी पडेल. अंदाज नको. हात हलवला तर पुन्हा काढ.

चिमी