हँगरला कोट माहीत नसतो

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू विचारलेला प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात मुक्काम ठोकून बसलाय. खोकी भरताना तोच, भांडी कागदात गुंडाळताना तोच. ऑफिसात सगळ्यांना वापरता येईल अशी लिंक्ड लिस्टची, म्हणजे एकीपाशी पुढचीचा पत्ता असलेल्या वस्तूंच्या त्या माळेची, लायब्ररी तुला सी भाषेत लिहायचीय, आणि तू अडलीस एका साध्या दिसणाऱ्या जागी: लिस्ट मोडताना आतल्या वस्तूची मेमरी कोणी मोकळी करायची, लिस्टने की वस्तू ठेवणाऱ्याने? मी आपलं "बघते" म्हटलं. उभा जन्म प्रोग्राम लिहिण्यात घालवलेल्या बाईने एवढ्याशा प्रश्नाला "बघते" म्हणावं, याचं तुला हसू आलं असेल. महिनाअखेर हे घर सोडायचंय आणि त्याआधी तुला येणं जमणार नाही, हेही त्याच फोनवर झालं. ते असो. आधी तुझं काम.

मी आणि बाबा लग्नाआधी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो, तेव्हा साहेबांनी आम्हालाही हेच काम दिलं होतं. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर आम्हाला कॉलरच्या आतून कपडा टांगायचा लूप शिवायला लावायच्या, आणि तो नीट बसला नाही तर उसवून परत. त्यामुळे मला सगळं कपड्यांवरूनच सुचायचं. बाबाचं म्हणणं, प्रत्येक वस्तूच्या पोटातच पुढच्या वस्तूचा पत्ता ठेवू. म्हणजे कोटालाच लूप. मी म्हटलं, आणि दुसऱ्याने बिनलुपाचा कोट आणला तर त्याला शिवणाच्या तासाला बसवणार का? मला हँगर हवा होता. त्याच्यावर कोट टांगा, टॉवेल टांगा, ओली छत्री अडकवा, त्याला काही देणंघेणं नाही. व्हॉइड पॉइंटर म्हणजे दुसरं काय गं, पत्ता तोंडपाठ, पण तिथे कोण राहतं ते ठाऊक नाही. बाबा म्हणाला, "तुमचा हँगर फार भोळा आहे बाई. आपल्या अंगावर काय आहे हेच ज्याला कळत नाही, तो ते शोधणार कसं आणि टाकणार कसं?"

त्या प्रश्नाने मला जेवण गोड लागेना. मग सुचलं की हँगरला कळायची गरजच नाही. जो वस्तू आणतो त्यानेच सोबत सांगून ठेवावं. दोन वस्तू सारख्या आहेत का हे ओळखणारं फंक्शन त्याचं, विल्हेवाट लावणारं फंक्शनही त्याचं. लिस्टने वेळ आली की फक्त हाक मारायची. बाबाने ऐकून घेतलं आणि "मी हरलो नाही, दमलो" असं जाहीर करून चहा मागवला. मला वाटतं, माझं लग्न तिथेच ठरलं.

पण खरी गंमत पुढे झाली. एकच नोंद त्याने त्याच्या लिस्टमध्ये ठेवली आणि मी माझ्या. काम संपल्यावर दोघांनीही ती मोकळी केली, म्हणजे एकदा सोडलेली जागा पुन्हा सोडली, आणि प्रोग्राम साहेबांच्या डोळ्यांसमोर आडवा झाला. त्यावर दोघं इतके शहाणे झालो, की पुढच्या वेळी त्याला वाटलं ती करील, मला वाटलं तो करील. कोणीच केली नाही. मेमरी साचत गेली आणि मशीन हळूहळू गुदमरलं. पहिली चूक निदान धाडकन आपटते तरी. ही दुसरी काही बोलत नाही. आत साठत राहते.

तेव्हा माझं ऐकशील तर दोन वेगळी फंक्शन्स ठेव. एक, वस्तू हँगरवरून काढून मागणाऱ्याच्या हातात देणारं. ते काहीही मोडत नाही. दुसरं, सगळंच मोडून टाकणारं. आणि ते वस्तूच्या मालकाने दिलेल्या फंक्शनशिवाय आतल्या मालाला बोटही लावणार नाही. मालक कोण, हे आधी ठरवायचं. तोंडाने, स्पष्ट. मनात समजून घ्यायचं नाही.

हे लिहिताना समोर दार आहे आणि दारामागे बाबाचा कोट. बाकी सगळं खोक्यांत गेलं. परवा तू म्हणालीस, "कोट तुझ्यासाठीच ठेवला होता आई, तूच ठरव." आणि बाबा गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, तो तुझ्यासाठी ठेवलाय असं समजून. म्हणजे आपण मायलेकींनी तीच दुसरी चूक केली बघ. माझं "बघते" खरं तर कोटाला होतं, तुझ्या लिस्टला नव्हतं. त्या कोटाच्या कॉलरला लूप आहे. लग्नानंतर मीच शिवला होता, बाबाचं मन राखायला. त्याने तो कधी वापरला नाही. रोज घरी आला की हँगरच शोधायचा. मी कोट काढून हातात देईन, ठमे, तेवढं मला जमेल. पण द्यायला समोर हात हवा. एका दिवसासाठी का होईना, ये. पुढचं दोघी मिळून ठरवू.

तुझीच, अजून हँगरचीच बाजू घेणारी,
आई